सीएनसी राउटरवरचा हाताचा ऑईल पंप: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पुण्यात नऱ्ह्याला आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. आठ बाय चार फुटांचा सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं शीट कापायचं मशीन. काम बहुतेक एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटचं. कापणारं डोकं वाहणारी आडवी कमान, म्हणजे गॅन्ट्री, रेलवर बॉल असलेल्या ब्लॉकवरून सरकते. त्या ब्लॉकना आधी साधे ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) होते, म्हणजे ग्रीस गन घेऊन गॅन्ट्रीखाली आडवं व्हायचं. पावसाळ्याआधी निपल काढून हाताने ओढायचा ऑईल पंप बसवून घेतला. छोटी टाकी, बारीक नायलॉनच्या नळ्या, एक दांडा ओढला की प्रत्येक ब्लॉकला मोजकं तेल. आता दिवाळीही होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पंप चांगला आहे. विकणारा मात्र "आता मेंटेनन्सच नाही" म्हणाला होता, ते सोडून द्या. पुसापुशी उलट वाढते. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक. तेलकट रेलवर बसली की तिचा तपकिरी लगदा होतो आणि ब्लॉकच्या तोंडाशी, धूळ अडवणाऱ्या रबरी वायपरला चिकटून राहतो. तो तिथेच सुकू दिला तर वायपर खातो. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला: आधी व्हॅक्युम, मग ब्रश, मग धागे न सुटणारं सुती कापड, आणि शेवटी पंप. कॉम्प्रेसरची हवा रेलवर अजिबात मारू देत नाही. हवेने धूळ उडाल्यासारखी दिसते, पण त्यातली बरीच वायपरखालून थेट आतल्या बॉलपर्यंत जाते.

खरी परीक्षा गणपतीआधी झाली. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांचं काम एमडीएफकडे वळलंय, आणि ते येतं नेमकं ऐन पावसात. दोन पाळ्या मशीन चालू, हवा दमट. एरवी या दिवसांत रेलवर तांबूस ठिपके दिसायचे. यंदा तेलाच्या थरामुळे दिसले नाहीत. पंपाचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी धरतो.

तेल ६८ नंबरचं स्लाइडवे, म्हणजे सरकत्या रेलसाठीचं. पाळीच्या सुरुवातीला एकदा दांडा ओढायचा, बास. जास्त ओढलं की थेंब शीटवर पडतो, आणि तेल प्यायलेल्या एमडीएफवर पीयू पॉलिश धरत नाही, बारीक खड्डे पडतात. पॉलिशवाला मग घासून घासून वैतागतो.

तेल खरंच पोचतंय का, हे दांड्यावरून कळत नाही. गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची आणि रेलच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवायचं. आमच्याकडे पंपापासून सगळ्यात लांबच्या ब्लॉकची एक बाजू कोरडी लागली. त्याच्या नोझलमध्ये जुन्या ग्रीसची गाठ अडकली होती. ग्रीसवरून तेलावर येणार असाल तर ब्लॉक आधी नीट धुऊन घ्या, फिटरवर सोडू नका.

रॅकला, म्हणजे गॅन्ट्री पुढे-मागे नेणाऱ्या दातेरी पट्टीला, आमचा पंप तेल देत नाही. ते काम गुरुवारी, कारण लाइट बहुतेक तेव्हाच जाते. मोटरला करंट नसला की गॅन्ट्री हाताने ढकलता येते आणि कुठे जड लागतं ते हाताला लगेच कळतं. रॅकचे दात जुन्या टूथब्रशने कोरडे साफ करायचे, मग लिथियम ग्रीसचा पातळ हात. चोपडायचं नाही, नाहीतर पुढच्या गुरुवारी दातांत भुसाच भुसा.

स्पिंडलला, म्हणजे बिट (कापायचं पातं) फिरवणाऱ्या मोटरला, आम्ही काही घालत नाही, त्याचे बेअरिंग सीलबंद आहेत. बिट पकडणारं कोलेट आणि त्याची बैठक पुसून कोरडी ठेवतो. तिथे धूळ राहिली की बिट थरथरतं आणि कड फाटते. खंडेनवमीला हळदकुंकू पॅनेलच्या दारावर लावा म्हणून पोरांना सांगावं लागतं, त्यांचा हात आधी रेलकडेच जातो.

दिवसातून दोन-तीन तासच मशीन चालत असेल, तर हा खर्च करू नका, ग्रीस गन पुरते. दिवसभर एमडीएफ कापणाऱ्यांनी मात्र जरूर बसवावा, आणि नळ्या केबल चेनमधून (वायरी-नळ्या सांभाळणाऱ्या वळत्या साखळीतून) जातात तिथे महिन्याकाठी एकदा नजर टाकावी. आमची एक नळी तिथे वळणावर पांढरी पडायला लागली आहे.