पन्हाळ्याचं उन्हाळी शिबिर : पोरांना पाठवावं का?

आधीच सांगतो, मी ह्याच शिबिराचा जुना पोरगा आणि ह्या मे महिन्यात माझी पोरगी जाऊन आली, त्यामुळं रिव्ह्यू जरा आपुलकीचा होणार, पण तक्रारीपण आहेत. पत्रकावर 'व्यक्तिमत्त्व विकास', 'लीडरशिप' वगैरे छापलंय तिकडं लक्षच देऊ नका, आठवड्याभरात कुणाचा विकास होत नसतो.

खरी मजा रॅपलिंगला, म्हणजे दोरावरनं कडा उतरायला. उतरणाऱ्याच्या हार्नेसची (कमरेला बांधायच्या पट्ट्याची) गाठ जोडीदारानं हात लावून तपासायची, नुसतं लांबनं बघून चालत नाही, आणि मोठ्यानं म्हणायचं 'गाठ बघितली'. खाली रोप धरून जे पोरगं उभं असतंय ते नाकावर माशी बसली तरी ब्रेकचा हात, म्हणजे रोप आवळून उतरणाऱ्याला थांबवणारा हात, सोडत नाही. आमच्या बॅचचा एकजण आता शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सेफ्टी बघतो, मशीनचा मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घातल्याशिवाय कुणाला आत हात घालू देत नाही, कामगार लई वैतागतात, तो म्हणतो ही खोड पन्हाळ्यावर लागली.

दुसरं म्हणजे गटाची मोजणी. रोज रात्री गटप्रमुखानं डोकी मोजायची आणि प्रत्येक नवीन गटप्रमुखाला एक डोकं कमीच भरतंय, कारण स्वतःला मोजायचं राहतंय 😄 2019 च्या महापुरात हायवे पाण्याखाली गेला, गावंच्या गावं उठवून शाळांत आणून ठेवली, तेव्हा याद्या करा, ताटं किती लागतील, कुणाची बीपीची गोळी संपली, ह्या कामाला आमच्यातली बरीच जुनी पोरं न सांगता जुंपली होती.

आता सगळं शिबिरानंच केलं म्हणणं पण थापच. असली उचापती पोरं आधीपासूनच तशी असतात, आणि फी परवडते त्यांचीच जातात. आमच्यातली कितीतरी बँकेत चिकटलीत, गाठ मारायचं सोडा, बटण तुटलं तर आईला हाक मारतात.

गडफेरी मात्र पहिल्यापेक्षा भारी झालीय. अंबारखान्यात 'हे धान्याचं कोठार' एवढं सांगून पुढं हाकलत नाहीत, 1660 ला सिद्दी जौहर चारेक महिने वेढा घालून बसला तर आतल्या माणसांना धान्य किती लागलं असेल ह्याचा हिशेब पोरांनाच करायला लावला, पोरगी घरी आल्यावर आमच्या तांदळाच्या डब्याचा हिशेब करत बसली.

तक्रारी. मे महिन्यात वर पाण्याची बोंब, बाथरूम कमी, सकाळी रांगा. फी बरीच वाढवलीय आणि पोरं सांभाळणाऱ्या एकेका ताईकडं पोरं जास्त दिलीत. सगळ्यात डोक्यात गेलं ते रील्सचं, एका पोराला परत वर चढवून परत उतरवलं, कारण शूटिंग नीट आलं नव्हतं. असलं बंद करा राव.

जेवण साधं पण पोटभर, झुणका-भाकर झकास, ताट ज्याचं त्यानं घासायचं.

पाठवणार असाल तर नवीन बूट घेऊन देऊ नका, टाचा सोलतात, जुनेच द्या. आणि मधल्या रविवारी डबा घेऊन भेटायला जाऊ नका, बरी रमलेली पोरं आईला बघून रडायला लागतात, मग सगळा गट रडतो.

पाचपैकी चार. एक रील्सपायी कापला.