१२ दिवस घर बंद: कॅमेरा, कुलूप की राखणीला माणूस?

परवा मामेभावाचा फोन. डिसेंबरात काशी-प्रयाग-अयोध्या अशी १२ दिवसांची टूर बुक केलीय, आत्या-मामा धरून सगळेच चाललेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घराला बाहेरून कुलूप लागणार. बजेट ५-६ हजार. तर कॅमेरा बसवू, नवीन लॉक करू की कोणाला राखणीला सांगू? आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात असेच गेलो होतो (आंब्याच्या सीझनला देवगडातून कोण हलतंय) आणि तेव्हा हे तिन्ही करून झालंय, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

कॅमेरा सगळ्यांना आधी सुचतो. वायफायवाला स्वस्त पडतो, पण आमच्याकडे फायबरची वायर झाडाझाडांवरून आलेली, एक झावळ पडली की नेट गेलं आणि दुरुस्तीला माणूस येणार तिसऱ्या दिवशी. त्यापेक्षा सिमकार्डवाला ४जी कॅमेरा बरा, मात्र घ्यायच्या आधी जिथे लावायचाय तिथेच उभं राहून त्या कंपनीची रेंज बघा, पडवीत दोन दांड्या आणि मागच्या पडवीत शून्य असं आपल्याकडे सर्रास असतं. वायफायवाला घेतलाच तर राउटर आणि कॅमेरा दोघांनाही छोटा यूपीएस हवा नाहीतर लाईट गेली की कॅमेरा आंधळा. आणि रेकॉर्डिंग नुसतं आतल्या मेमरी कार्डात असेल तर चोर कॅमेराच उचलून नेतो, पुराव्यासकट, म्हणजे क्लाउडचा (रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचा) प्लॅन आला, म्हणजे दर महिन्याचा खर्च आला. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आता आमची गंमत. वाराणसीच्या लॉजवर रात्री दोन वाजता मोबाईल ठणाणा वाजायला लागला, बघतो तर कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलेलं, रात्री तिथे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो, ते जाळं हललं की माणूस आला म्हणून अलर्ट. दोन रात्री हेच. तिसऱ्या रात्री कॅमेरा बंदच पडला, आता मात्र पोटात गोळा, शेवटी शेजारच्या काकूला फोन लावला, ती बिचारी बॅटरी घेऊन सगळ्या घराला फेरी मारून आली आणि म्हणाली, "लाईट गेलीहा रे बाबू, दुसरा काय नाय, झोप तू." म्हणजे तीन हजारांचा कॅमेरा खरा की खोटा हे सांगायला शेवटी काकूच लागली. त्यात ऑक्टोबरात संध्याकाळी विजा होतात तेव्हा आपण घरातले सगळे प्लग काढून ठेवतो, कॅमेऱ्याला मात्र लाईट चालूच हवी! डिसेंबरात तो प्रश्न नाही, पण मे अखेर किंवा ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी विचार करा.

कुलपाचं थोडक्यात. लोक दोन हजारांचं कुलूप आणतात आणि ते आजोबांच्या काळातल्या कडी-कोयंड्याला लावतात. चोर कुलूप कशाला फोडेल, कोयंडा पिळून चौकटीतून उपटतो. त्यामुळे पैसे आधी कोयंड्यावर घाला, स्क्रूऐवजी आरपार बोल्ट मारून घ्या. लोखंडी कुलूप खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतं, पितळी घ्या. बाहेरून न दिसणारं इंटरलॉक असेल तर उत्तमच, लोंबणारं कुलूप लांबून ओरडून सांगतं की घरात कोण नाही. मागच्या दाराला आतून आडणा (आडवा दांडा), आणि पुढच्या दाराने बाहेर पडायचं. पण कौलारू घर असेल तर एक लक्षात घ्या, चार कौलं सरकवली की माणूस आत उतरतो. म्हणून कौलारू घरात कुलपावर एका मर्यादेपुढे खर्च करण्यात अर्थ नाही, आतल्या ज्या खोलीवर पक्का माळा आहे तिचं दार मजबूत करा. स्लॅबचं घर असेल किंवा रत्नागिरीतला फ्लॅट असेल तर उलट, तिथे कुलूपच पहिलं आणि कॅमेरा दुसरा.

राहिला माणूस. आमच्याकडे घर बंद आहे हे कुलपापेक्षा खळं (पुढचं अंगण) जास्त सांगतं. पडलेली झावळ तीन दिवस तशीच, माडाखाली नारळ तसेच, तुळशीपुढे दिवा नाही, की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं. कॅमेरा हे फक्त दाखवतो, माणूस झावळ उचलतो. देवपूजेला आपल्याला तसंही कोणाला तरी सांगावंच लागतं, तोच माणूस खळं झाडेल, संध्याकाळी पडवीतला दिवा लावेल, वानरांनी कौलं फोडली तर बघेल, मांजराला दूध घालेल. रात्री झोपायला कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण हल्ली वाडीत राहिलेत कोण, निम्मी घरं गणपती आणि मे महिन्यातच उघडतात. तोटा एकच, आणि तो मोठा आहे: माणूस बोलतो. "ते काशीक गेलेत, १२ दिवस नाय" हे अगदी चांगल्या मनाने बाजारात सांगितलं जातं. (आपणही स्टेशनवरून तुतारी एक्सप्रेसमध्ये बसल्याचा फोटो स्टेटसला टाकतोच की.) शिवाय पैशांचं आधी मोकळेपणी बोला, नुसत्या आंब्याच्या पेटीवर भागवायचे दिवस गेले.

किल्ली फक्त पडवीची आणि देवघराची द्या, आतली खोली बंद. यात अविश्वास नाही, काही झालंच तर त्याच्यावर आळ यायला नको.

दागिने मात्र यापैकी कशावरच सोडू नका, लॉकरमध्ये टाका. तिथेही जानेवारी २०२२ पासून लागू झालेला रिझर्व्ह बँकेचा नियम बघून घ्या: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पट, म्हणजे भाडं २००० तर २ लाख, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत साधारणपणे तीही नाही. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा, आणि लॉकर तळमजल्यावर आहे का ते विचारा. घराचा विमा असेल तर तोही उघडून वाचा, 'भारत गृह रक्षा' ही जी सगळ्या कंपन्यांची स्टँडर्ड पॉलिसी आहे तिच्यात आग-वादळ वगैरे झाल्यावर ७ दिवसांत त्यामुळे झालेली चोरी धरतात, साधी घरफोडी नाही. घरफोडीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

आणि पोलिसांच्या ११२ या मदतीच्या नंबरचं एक कोणी सांगत नाही. तुम्ही वाराणसीतून ११२ लावलात तर फोन उत्तर प्रदेशच्या पोलिसांना जातो, देवगडच्या नाही. म्हणून आपल्या पोलीस ठाण्याचा लँडलाईन नंबर आणि पोलीस पाटलांचा मोबाईल सेव्ह करून जा, जाण्याआधी दोघांना तारखा सांगून ठेवा.

तर भावाला काय सांगितलं? त्याचं घर कौलारू, शेजार ३० पावलांवर. ५-६ हजारांतले निम्मे राखणीच्या माणसाला, हजारभर सुताराला मागचं दार आणि कोयंड्यासाठी, उरले तर कॅमेरा, तोही खळ्याकडे तोंड करून, घराच्या आत नको. शेजार नसता तर मी कॅमेरा आधी म्हटलं असतं आणि दोन घेतले असते, एक मागच्या बाजूला. तो म्हणाला कुलूप जायच्या आदल्या दिवशी आणतो. म्हटलं आत्ताच आण रे बाबा, नव्या कुलपाची किल्ली पहिले चार दिवस अडकते, आणि तुमची गाडी पहाटेची आहे.