ब्रेड लाइन, गाठी आणि लीडर: तापीच्या पाण्यावरचा अनुभव

पावसाळा सरल्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत मी गळाच्या मासेमारीत नायलॉनचा तंगूस बाजूला ठेवून ब्रेड लाइनच (बारीक धागे विणून केलेली दोरी) वापरली. बहुतेक वेळा हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, कधी प्रकाशा गावाकडे, आणि मरळीसाठी गावतळ्यांवर. कोणत्या कंपनीची ब्रेड घ्यावी यावर आपल्याकडे खूप चर्चा होते. माझ्या मते खरा फरक पडतो तो लीडर (ब्रेड आणि गळ यांच्या मधला वेगळ्या दोरीचा तुकडा) आणि त्याच्या दोन टोकांच्या गाठींमुळे.

ब्रेड पॉलिथिलीनच्या धाग्यांची. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे दूरवर माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. पण धागा गुळगुळीत असल्याने नायलॉनवर हमखास चालणारी क्लिंच गाठ इथे सरकते. शिवाय ताणलेली ब्रेड दगडाच्या धारेला घासली की लगेच जाते. आपल्याकडे जिथे तिथे काळा कातळ, म्हणून तळाला आमिष टाकायचं तर लीडर हवाच.

रोहू, कटल्यासाठी 30 पौंडांच्या (म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या) ब्रेडला 20 पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, हातभर ते दीड मीटर. फ्लोरोकार्बन पाण्यात बुडतो, घासणं सोसतो. लीडर मुद्दाम हलका ठेवतो: गळ दगडात अडकला तर गळाजवळ तुटावं, लांबच लांब ब्रेड पाण्यात राहू नये. ती कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायात गुंतते.

ब्रेड आणि लीडरच्या जोडासाठी एफजी नावाच्या गाठीला तोड नाही. ब्रेड ताणून धरायची आणि लीडर तिच्यावर एकदा वरून, एकदा खालून असे वीसेक वेढे घ्यायचे. मग अर्ध्या गाठींनी बांधून थुंकीने ओलं करून जोरात ओढायचं. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग गडद होतो. तसा झाला नाही तर गाठ बसलेली नाही, सरळ कापून पुन्हा बांधा. लीडर दुमडत नसल्याने गाठ बारीक राहते आणि रॉडच्या रिंगांतून खडखड न करता जाते. लीडरचं टोक लायटरने गोल करत असाल तर ज्योत ब्रेडपासून लांब ठेवा. हा धागा दीडशे अंशांच्या आतच वितळतो.

मात्र एफजीला दोन्ही हात मोकळे आणि वारा पडलेला लागतो. तापीवर दुपारी वारा सुटला की मी डबल युनी गाठ बांधतो: ब्रेडचे सात-आठ वेढे, लीडरचे चार. गाठ जाड होते, म्हणून लीडर रॉडपेक्षा आखूड ठेवतो, म्हणजे फेकताना जोड रिंगांबाहेर राहतो.

मरळीचं गणित वेगळं. जलपर्णी आणि बेशरमीच्या झुडपांतून तिला खेचायचं तर 50 पौंडांची ब्रेड थेट बेडकाच्या आमिषाला, पालोमर गाठीने. ही गाठ दुहेरी दोरीची, ब्रेडवर पक्की बसते. इथे फ्लोरोकार्बन नको, तो आमिषाचं तोंड खाली ओढतो. दात लागून ब्रेड विस्कटलेली दिसली तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा.

रिळावर भरताना खाली नायलॉनचे थोडे वेढे घ्या, नाहीतर सगळी ब्रेड स्पूलवर (रिळाच्या चकरीवर) फिरत राहते आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल असल्यासारखं वाटतं.