मैत्रिणीच्या बाळासाठी काय शिवावं: लुगड्याची वाकळ की कापसाची दुलई?

साताऱ्या-सांगलीकडे बाळाला द्यायच्या दोन गोष्टी: जुन्या सुती लुगड्याची वाकळ (गोधडी) किंवा नवं कापड घेऊन मधे कापूस भरलेली दुलई. दोन्हींचं माप साधारण ३६ बाय ४२ इंच ठेवावं. त्याहून मोठी केली तर मांडीवर घेताना आवरत नाही.

आमचं मत वाकळीच्या बाजूनं आहे, आणि त्याचं खरं कारण धुणं. बाळाचं पांघरूण-अंथरूण रोज भिजतं. चार पदरांची (थरांची) सुती वाकळ उन्हात त्याच दिवशी खडखडीत वाळते. कापसाची दुलई पावसाळ्यात दोन-दोन दिवस आतून ओलसर राहते आणि कुबट वास धरते. शिवाय टाक्यांच्या ओळी दूरदूर असल्या तर कापूस धुण्यात सरकून गोळे होतात, मधे नुसतंच कापड उरतं. म्हणून दुलई करायचीच तर टाक्यांच्या दोन ओळींत तीन इंचांहून जास्त अंतर नको.

दुलई शोभते ती महाबळेश्वर, पाचगणीसारख्या गार हवेत. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात ती बाळाला नकोशीच होते. कापसाऐवजी फायबर शीट (कृत्रिम धाग्यांचा थर) भरलेली दुलई लवकर वाळते, पण तिच्यातून हवा खेळत नाही. उन्हाळ्यात घाम येतो, तेव्हा ती आम्ही सुचवत नाही.

वाकळीसाठी एक नऊवारी लुगडं पुरून उरतं. सव्वाआठ मीटर लांबीतून सुमारे ९५ सेंटीमीटरचे आठ तुकडे निघतात, लागतात चार. मात्र कापड पारखून घ्या. दोन्ही हातांनी ओढल्यावर चर्रकन फाटलं तर ते विरलेलं आहे, आत घाला, वर नको. लुगडं इरकली असेल तर त्याचा रेशमी पदर आणि काठ कापून काढा, ते टोचतात. रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. नवं सुती कापड वरच्या पदराला वापरायचं असेल तर आधी गरम पाण्यात धुवा. नाहीतर शिवल्यावर ते आटतं आणि सगळीकडे चुण्या पडतात.

पदर जमिनीवर ताणून पसरा आणि मधून कडेकडे कच्चा टाका (नंतर उसवायचा) घाला. कडेपासून सुरुवात केली तर मधे फुगा येतो. मग धावदोरा. ओळींत दोन इंच अंतर ठेवलं तर सुमारे १८ मीटर शिवण होते. एक इंच ठेवलं तर दुप्पट, पण वाकळ वर्षानुवर्षं टिकते. बाळाची रोजची धुलाई बघता आम्ही एक इंच सांगू. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ दोन पदरांच्या मधे लपवा, म्हणजे अंगाला लागत नाही.

टाचण्या लावण्याआधी मोजा आणि काढल्यावर पुन्हा मोजा. आरसे, मणी, बटणं अजिबात नकोत. देताना मैत्रिणीला हे सांगाच: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना वाकळ-दुलई सैल पांघरू नये, ती नाकातोंडावर सरकू शकते. जागेपणी अंथरायला आणि मांडीवर घ्यायला ती आहे. बाळ वर्षाचं झालं की खुशाल पांघरावी.

बारशाला आठ-दहा दिवस असतील तर रोज दोन तास बसून वाकळ होते.