एकच खटका की पडदाभर पर्याय? राईस कुकर घेण्याआधी

राईस कुकर घ्यायचं ठरलं की गोंधळ बटणांपाशी सुरू होतो. एकीकडे साधा कुकर. त्याला एकच खटका असतो. तो खाली दाबला की कुकर शिजवायला लागतो, टक् करून वर उडाला की नुसता गरम ठेवतो. दुसरीकडे छोटा पडदा, घड्याळ आणि पांढरा, ब्राऊन, पेज, झटपट असे आठ-दहा पर्याय. मी दोन्ही वापरले आहेत आणि माझा सल्ला एवढाच, की आधी तांदूळ निवडा, कुकर मागाहून. घरात रोज कोणता तांदूळ शिजणार हे नक्की झालं की अर्धे कुकर आपोआप यादीतून बाद होतात.

खटक्याला काय कळतं

साध्या कुकरला भात शिजला की नाही हे कळत नाही. बुडाशी पाणी उरलं नाही, एवढंच त्याला कळतं. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसं पुढे जात नाही, कारण येणारी उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. पाणी तांदळात जिरलं की बूड भराभर तापू लागतं. भांड्याखाली तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली गोल खुंटी दिसते ना, तिच्यात अशा धातुमिश्रणाचा तुकडा असतो की साधारण 103 अंशांना तो चुंबकाला चिकटून राहत नाही. चुंबक सुटतो, खटका उडतो. 1955 साली तोशिबाने जपानात आणलेल्या स्वयंचलित कुकरमध्ये हीच युक्ती जरा वेगळ्या वाटेने केली होती. एकात एक अशी दोन भांडी, मधल्या जागेत मोजून पाणी. ते आटलं की तापमान चढायचं, दोन धातूंची पट्टी वाकायची आणि वीज बंद व्हायची. योशितादा मिनामी यांनी तो घडवला, पण भात शिजवून-शिजवून पाहण्याचं खरं कष्टाचं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की साध्या कुकरमध्ये पाणी हेच घड्याळ आहे. पाणी कमी पडलं तर तो लवकर थांबतो आणि मधलं शित कच्चट राहतं. जास्त झालं तर तो शिजवत राहतो आणि भाताचा गिचका होतो. पांढऱ्या तांदळाला हे घड्याळ पुरतं. पिष्ट 60 ते 80 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुलतं, आणि पांढऱ्या दाण्याला कोंड्याचं कवच नसल्याने पाणी आणि उष्णता आत पोचायला वेळ लागत नाही. वीस ते तीस मिनिटांत खटका उडतो, दहा मिनिटं झाकण न उघडता तसाच ठेवला की वाफ मुरते आणि भात तयार.

ब्राऊन, म्हणजे कोंडा न काढलेल्या तांदळाचं तसं नाही. कवचातून पाणी सावकाश आत शिरतं, म्हणजे त्याला वेळ हवा. आणि साध्या कुकरमध्ये वेळ वाढवायचा तर पाणी वाढवण्यावाचून मार्ग नाही. मग खालचा थर लगदा आणि वरचा थर चिवट. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, पण ती ढवळता येणाऱ्या पातेल्याची गोष्ट. बुडाकडूनच तापणाऱ्या कुकरमध्ये वरचं शित वेगळी साक्ष देतं आणि खालचं वेगळी.

पडद्याच्या कुकरमध्ये जास्तीचं काय मिळतं

यात चिप असते आणि ती तापमान वारंवार मोजत राहते. खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो. एक, उकळी येण्याआधी ती तांदूळ कोमट पाण्यात भिजू देते. दोन, उकळी आली की आच कमी करते, म्हणजे फेस उतू जात नाही. म्हणूनच पांढऱ्या भाताला यात पाऊण तास ते तास लागतो आणि ब्राऊनला सव्वा ते दीड तास. हा वेळ पाहून लोक बिचकतात. पण तो भिजवण्यासकटचा असतो, आणि टायमर लावून ठेवला तर तुमचा काही तो जात नाही.

त्याहून वरचे म्हणजे इंडक्शनचे कुकर. त्यांत तबकडीऐवजी भांडंच सगळ्या बाजूंनी तापतं, त्यामुळे खाली-वर असा फरक कमी पडतो. काहींत थोडा दाबही असतो. पाणी 105 अंशांच्या आसपास उकळतं आणि ब्राऊन तांदूळ खरोखर मऊ होतो. आखूड, चिकट दाण्याचा भात ज्यांना मनापासून आवडतो, त्यांना हा फरक जिभेवर कळेल. लांब दाण्याचा मोकळा भात खाणाऱ्याला, खरं सांगायचं तर, जेमतेम.

आता माझं एक निरीक्षण, जे दुकानात कुणी सांगणार नाही. पडद्याचा कुकर भिजवण्याचंच काम करतो, तर ते हाताने का करू नये? पांढरा तांदूळ अर्धा तास भिजवला की स्वतःच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के पाणी पितो. ब्राऊन रात्रभर ठेवला तर तोही बराच नरमतो. नीट भिजवून घातला तर साध्या खटक्याच्या कुकरमध्येही ब्राऊन भात चांगला होतो. उत्तम नव्हे, चांगला. म्हणजे आदल्या रात्री आठवणीने तांदूळ भिजत घालणाऱ्याला साधा कुकर पुरे, आणि आठवण राहत नसेल तर ती चिपकडे सोपवावी.

पाण्याचं गणित

दोन्ही कुकरांत भात बिघडायचं सर्वांत मोठं कारण यंत्र नसतं, कप असतो. सोबत येणारा कप बहुधा 180 मिलिलिटरचा, म्हणजे साधारण 150 ग्रॅम तांदळाचा. स्वयंपाकघरातला नेहमीचा कप 240 किंवा 250 मिलिलिटरचा. भांड्यावरच्या खुणा कुकरच्या कपासाठी आखलेल्या असतात, त्यामुळे तो हरवला की सगळी गणितं हुकतात. तो जपा, किंवा एकदा मापून दुसऱ्या वाटीवर खूण करा.

सुरुवातीचा अंदाज असा: न भिजवलेल्या लांब पांढऱ्या तांदळाला कपाला दीड कप पाणी, आखूड दाण्याला सव्वा, ब्राऊन आणि उकड्याला दोनच्या आसपास. भिजवून निथळला असेल तर पाव कप कमी. प्रमाण दुप्पट केलं तर पाणी थोडं हात राखूनच घाला. तांदूळ जे पितो ते दुप्पट होतं, पण वाफेने जातं ते त्याच हिशेबाने वाढत नाही. आणि तांदूळ निदान दोनदा धुवा. वरची पिष्टाची पूड गेली की शितं सुटी राहतात आणि साध्या कुकरच्या झाकणाच्या भोकातून फेसही कमी येतो.

आरोग्याच्या दाव्यांपैकी किती घ्यायचे

सध्या ‘साखर कमी करणारा’ म्हणून जो कुकर विकला जातो, त्यात एक जाळी असते. भात जास्त पाण्यात उकळतो आणि पेज खाली गळते. म्हणजे भात वेळण्याचंच काम, विजेवर. पेजेबरोबर थोडं पिष्ट जातं हे खरं, पण बहुतेक पिष्ट दाण्याच्या आतच राहतं. वाटीमागे उष्मांक कमी दिसतात, त्याला शितात जास्त पाणी असणं हेही एक कारण असतं. पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही पेजेबरोबर वाहून जातात. एवढ्यासाठी वेगळा कुकर मी घेणार नाही. मोठं पातेलं आणि गाळणी तेच काम करतात.

वेळण्याचा एक फायदा मात्र ठोस आहे, आणि तो जाहिरातीत क्वचितच असतो. तांदळात जमिनीतून आणि पाण्यातून आर्सेनिक हे विषारी द्रव्य येतं, आणि ते कोंड्यात जास्त साठत असल्याने ब्राऊनमध्ये जास्त असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार 6 ते 10 पट पाण्यात शिजवून ते पाणी टाकलं तर असेंद्रिय, म्हणजे जास्त घातक प्रकारचं आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होतं. पाणी जिरवून शिजवणारा कुकर हे एकटा करू शकत नाही. ब्राऊन भात रोज खात असाल, विशेषतः लहान मुलांना देत असाल, तर तांदूळ भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी ओता आणि मग ताजं, थोडं कमी पाणी घालून कुकरमध्ये लावा. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये सुचवलेली पद्धत अशीच आहे. त्यांच्या मोजणीत ब्राऊनमधलं निम्म्याहून जास्त आर्सेनिक गेलं.

ब्राऊन की पांढरा, हा वाद रक्तातल्या साखरेपुरता वाटतो तेवढा एकतर्फी नाही. 2008 च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात ग्लायसेमिक इंडेक्सची (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती भराभर चढते त्याच्या मापाची) सरासरी पांढऱ्या भातासाठी 73 आणि ब्राऊनसाठी 68 आहे. अंतर पाचच अंकांचं. त्याहून मोठा फरक तांदळाच्या जातीने पडतो: अमायलोज हा पिष्टाचा प्रकार जास्त असलेला, शिजून मोकळा होणारा लांब दाणा सावकाश पचतो, चिकट दाणा भरभर. ब्राऊनची खरी जमेची बाजू तंतू, मॅग्नेशियम आणि ब जीवनसत्त्वं. ज्यांना त्याची चव झेपत नाही त्यांनी उकडा तांदूळ करून पाहावा. सालासकट उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, आणि साध्या कुकरमध्येही तो सहसा चिकट होत नाही.

शिजवून थंड केलेल्या भाताबद्दलही बरंच बोललं जातं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या एका अभ्यासात ताज्या भातात 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम न पचणारं पिष्ट आढळलं. 24 तास 4 अंशांवर ठेवून पुन्हा गरम केलेल्यात 1.65 ग्रॅम. वाढ आहे, पण ग्रॅमभराची. वाटी मोठी केली की ती तिथेच संपते.

‘गरम ठेवा’ हे बटण

इथे पडद्याचा कुकर निर्विवाद पुढे आहे. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळून मरत नाहीत, आणि कोमट भातात वाढलेल्या जिवाणूंनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात 60 अंशांच्या वर राहायला हवा, नाहीतर तास-दोन तासांत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये जायला हवा. चांगला कुकर 60 ते 70 अंश टिकवतो, तरी काही तासांनी भात पिवळट आणि कडांना वाळका होतो. साध्या कुकरमध्ये तळाला खरवड धरते, वरचा भाग निवत जातो. सर्वांत वाईट म्हणजे वीज बंद करून भात रात्रभर कुकरमध्येच झाकून ठेवणं. मग कुकर कोणताही असो.

उरलेल्या दोन-चार गोष्टी

प्रेशर कुकर आणि पातेलं यांच्याशी तुलना थोडक्यात आटपते. घाई असेल, उंच डोंगराळ जागी राहत असाल किंवा मऊ भात हवा असेल तर प्रेशर कुकर सरस. आत पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. पेज काढायची असेल तर पातेलं. राईस कुकरची ताकद एकच: तो लावून विसरता येतो.

भांड्याच्या लेपाची भीती मात्र भाताच्या बाबतीत अनाठायी वाटते. नॉनस्टिकवरचा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनसारखा लेप, बिघडू लागतो तो 260 अंशांच्या वर, भात शंभराच्या आसपास. लेप खराब होतो तो त्याच भांड्यात तांदूळ खसाखसा धुतल्याने आणि धातूचा चमचा घातल्याने. स्टीलच्या भांड्यात हा प्रश्न नाही, पण तळ चिकटतो आणि रोज भिजत टाकावा लागतो.

आकार घेताना आकडा कशाचा हे विचारा, कच्च्या तांदळाचा की भांड्याच्या एकूण मापाचा. दोन्ही लिहिले जातात आणि दोन्हींत मोठं अंतर असतं. कच्च्या तांदळाचा एक कप शिजून दोन ते तीन माणसांचा होतो. ‘पाहुणे आले तर’ म्हणून दहा कपांचा साधा कुकर घेऊन त्यात रोज एक कप शिजवू नका: पातळ थरातलं पाणी चटकन उडतं, खटका वेळेआधी सुटतो आणि मग तुम्ही दोष तांदळाला देता. दोघांसाठी तीन कपांचा पुष्कळ झाला. पाहुणे आलेच तर दोनदा लावा.