गिटारचा क्लास, नऊ महिने आणि चार मिलिमीटर

ज्या क्लासला आम्ही जानेवारीत रामराम ठोकला, त्यांचा परवा मेसेज आला : "प्रिय पालक, आपल्या पाल्याची फी प्रलंबित आहे." शेवटी हात जोडलेली दोन चित्रं. पाल्य गेले सहा महिने तिकडे फिरकलेलं नाही. जानेवारीचे १,८०० रुपये मी आगाऊ भरले होते आणि आठातले दोनच तास झाले होते, म्हणजे हिशोबाने माझेच १,३५० रुपये त्यांच्याकडे निघतात. अर्धं लिहून राहून गेलं होतं, आता पूर्ण करतोच.

आम्ही सांगलीचे. लेक नऊ वर्षांची. मागच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर एका ताईला गिटार वाजवताना बघितलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आमच्या आईचं म्हणणं, पेटी शिकवा, पेटी घरात आहे. खर्च शून्य असल्यामुळे मला ते लगेच पटलं होतं. पण पोरीला पटलं नाही. मग शोध सुरू झाला. दहा किलोमीटरवर मिरज, जिथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येऊन राहिले, जिथल्या सतारी आणि तंबोरे जगभर जातात, आणि आम्हाला गिटारचा एक धड सर सापडायला महिना लागला. गायन, तबला, पेटी म्हणाल तर गल्लीगणिक माणूस आहे. गिटार म्हटलं की "आमच्या भाच्याचा मित्र वाजवतो, विचारतो" एवढंच ऐकू यायचं.

शेवटी एक अकॅडमी मिळाली. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर परदेशी वादकांचे फोटो. बॅचमध्ये आठ मुलं. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मॅडमनी ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या ग्रेड समजावल्या. आठवीपर्यंत जातात, त्याआधी एक नवशिक्यांची पायरी, परीक्षेची फी वेगळी, पुस्तक वेगळं. पोरीला अजून गिटार कुठल्या मांडीवर घ्यायची ते माहीत नव्हतं. शेजारी बसलेले एक पालक मात्र "आमचा दोन वर्षांत ग्रेड थ्री करणार" असं सांगत होते, जणू मुलाला वजनाच्या गटात उतरवायचंय.

गिटार मी ऑनलाइन घेतली. ३८ इंची, स्टीलच्या तारांची, ३,८०० रुपये. सोबत बॅग, पट्टा, कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) आणि तार छेडायची पाच पिक्स फुकट. शाळेचा गणवेश जसा एक माप मोठा घेतो, तसाच विचार केला : वाढेल तशी पुरेल.

तीन महिने झाले. जी, सी, डी, ई मायनर हे चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, पोरीला पाठ होते. वाजत मात्र एकही नव्हता. म्हणजे वाजायचं, पण सहातल्या दोन तारा ठप्प, एक झणझणणारी, आणि बोटांच्या टोकांवर लाल खाचा. सरांना विचारलं की ठरलेलं उत्तर : "सुरुवातीला दुखतंच, घट्टे पडले की होईल." आता हे खोटं नाही, सगळ्यांनाच दुखतं. पण डिसेंबरमध्ये पोरगी गिटारच्या बॅगकडे बघून पोट दुखतंय म्हणायला लागली, आणि जानेवारीत मी क्लास बंद केला.

नवे सर मिळाले ते वाद्यांच्या दुकानात तारा विकत घेताना, तिथल्या मालकाकडून. ऑर्केस्ट्रात वाजवतात, घरी येऊन शिकवतात, तासाला ४००, आठवड्यातून एकदा. फोनवर विचारलं, डेमो देणार का? म्हणाले, "डेमो कशाला, गिटार बघायला येतो."

आले, चहा नको म्हणाले, पोरीला काही वाजव असंही म्हणाले नाहीत. गिटार उचलली, एक डोळा मिटला आणि सुतार फळीची बाक बघतो तसं डोक्याकडून खाली मानेवरून बघितलं. मग खिशातून रुपयाची नाणी काढली. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, तारेखाली, एक सरकवलं. त्याच्यावर दुसरं. दोन्ही आरामात बसली आणि वर आणखी फट. माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यावर मी पण नाही वाजवणार. ही काय वाजवेल ओ?"

त्या क्षणापासून मला वेड लागलं. मुलीच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घेऊन मी मोजलं : फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या तळापर्यंत ४ मिलिमीटरच्या वर. स्टीलच्या तारांना साधारण अडीच हवं, बारीक तारेला दोनच्या आसपास. म्हणजे पोरगी तीन महिने दीडपटीहून खोल विहिरीतून पाणी शेंदत होती. त्यात सहा पोलादी तारांची ओढ मिळून साठ-सत्तर किलोच्या घरात. नायलॉनच्या तारांना ती चाळीसच्या आसपास असते. तेव्हापासून मी कुठेही गिटार दिसली की मोजतो. मेहुण्याच्या मुलाची मोजली. एका लग्नात ऑर्केस्ट्रावाल्याची मोजायला निघालो होतो, बायकोने दंडाला धरून बसवलं.

सर म्हणाले, सेटअप करून आणा, म्हणजे तारांची उंची नीट करून. दुकानदार म्हणाला, पुण्याला पाठवावी लागेल. ते माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं, म्हणून गिटार स्कूटरवर पुढे घेतली आणि मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. दारात पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, आत एक कारागीर चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय असतं हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. माझ्या हातात ३,८०० रुपयांची चकचकीत लाल गिटार. जरा लाज वाटली.

चाचांनी ती हातात घेतली, तार दाबून बघितली आणि हसले. "काय ओ साहेब, ही घोडी आहे का कट्टा?" मग त्यांनी मला गणित सांगितलं, जे तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. बारावा पडदा म्हणजे तारेचा बरोबर मध्य, म्हणून तिथे १ मिलिमीटर उतरवायचा असेल तर घोडीवरची पट्टी २ मिलिमीटर खाली जायला हवी. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते तेही बघितलं. डोक्याकडच्या पट्टीतल्या तारांच्या खाचाही उथळ होत्या, म्हणून त्या बारीक कानशीने खोल केल्या आणि आत पेन्सिलीचं शिसं घासलं. मूळची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी काढून माझ्या हातात दिली. तिच्या जागी सतारीच्या घोडीतून उरलेला हाडाचा तुकडा घासून बसवला. घासताना सारखं तार लावून ऐकत होते, कारण जास्त उतरली तर तार पडद्याला घासून झणझणते. "तंबोऱ्यात हाच आवाज आणायला आम्ही दिवस घालवतो," ते म्हणाले, "आणि तुम्हाला तो नकोय. असू दे, गिऱ्हाइकाची मर्जी." तीनशे रुपये घेतले. घरी येऊन आईला हाडाचं सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

बाराव्या पडद्यावर जाड तार अडीचवर आली. सरांनी तारांचा बाराचा सेट काढून दहाचा, म्हणजे पातळ, लावला. आणि त्या संध्याकाळी सी कॉर्डच्या सगळ्या तारा वाजल्या. पोरगी एकदम गप्प झाली आणि तोच कॉर्ड चाळीस वेळा वाजवला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

सुरुवातीचा मेसेज सोडला तर इथपर्यंतचं मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी अकॅडमीच्या नावाने दोन कडक परिच्छेद होते. ते काढून टाकावे लागले. झालं असं, की १,३५० रुपयांसाठी भांडायला पुरावा म्हणून मी त्यांचं जुनं चॅट वर वर सरकवत गेलो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्या त्या पंचवीस वर्षांच्या सरांचा मेसेज : "सर, मुलगी लहान आहे, शक्यतो नायलॉन घ्या, थ्री-फोर्थ साइझ." त्याखाली माझं उत्तर : अंगठा. नायलॉनवाली तेव्हा साडेसहा हजारांना दिसत होती. मला हे अजिबात आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

दुसरं म्हणजे लय. नव्या सरांनी दुसऱ्या तासाला विचारलं, "हिला ताल कुणी शिकवला? पक्का आहे." त्या अकॅडमीतच, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर लावून रिकाम्या तारांवर अर्धा अर्धा तास टकटक. तेव्हा मला वाटायचं, हे शिकवायचे पैसे घेतात? एवढं मात्र अजून म्हणेन, की नायलॉन सुचवणाऱ्या माणसाने नंतर तीन महिने समोरची गिटार एकदाही हातात घेऊन बघू नये याला काही अर्थ नाही. आठ मुलं आणि पंचेचाळीस मिनिटं असतील तर वेळ कुठून काढणार, हेही आता कळतं.

आणि नवे सर म्हणजे काही देव नाहीत. साडेपाच म्हणजे सव्वासहा. मार्च ते मे गावोगावच्या जत्रा आणि वर लग्नसराई, त्यामुळे तीन महिन्यांत सहा तास झाले. नोटेशन शिकवत नाहीत, "कानाने घे" म्हणतात. घरी कुणी शिकवायला येत असेल तर बघा, मोबाइल न काढता तारा सुरात लावतो का. हे लावतात, आणि पोरीलाही लावायला लावतात, चुकली तरी दहा मिनिटं थांबतात. त्या दहा मिनिटांचे ६७ रुपये होतात असं मी सुरुवातीला मनात मोजायचो. आता ती स्वतः लावते, मग मोजायचं सोडलं. एफ कॉर्ड अजून पूर्ण आडवं बोट टाकून येत नाही. चार तारांचा छोटा एफ दिलाय, त्यावर भागतंय.

पाऊस सुरू झाल्यापासून लाकूड फुगलंय. काल मोजलं तर २.९. सर म्हणतात, थंडीत उतरेल, पट्टी ठेवा बाजूला. मी प्लॅस्टिकची जुनी पट्टी मात्र पाकिटात जपून ठेवलीय, लागली तर.

आता गणपतीत सर तीन आठवडे नाहीत, ऑर्केस्ट्राच्या तारखा आहेत. तासावर पैसे असल्यामुळे १,२०० वाचतील, पण पोरीची लय सुटायला नको. म्हणून अकॅडमीला उत्तर पाठवलं : "फी प्रलंबित नाही, आमचे सहा तास प्रलंबित आहेत. गणपतीत येऊ का? साठवर मेट्रोनोम चालेल." दोन निळ्या टिक्स आल्यात. उत्तर अजून नाही.