कॅश टेबल की सिट अँड गो?

लंडनला शिकणारा भाचा विचारतोय, फावल्या वेळात दोन-चार डॉलरचं ऑनलाइन पोकर खेळायचं तर कॅश टेबल (चिप्स म्हणजे थेट पैसे, कधीही बसा-उठा) बरं की सिट अँड गो (ठरलेले खेळाडू जमले की सुरू होणारी, एकदाच फी भरायची छोटी स्पर्धा)? (भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, म्हणून प्रश्न तिकडचाच.)

आधी खर्च. एक-दोन सेंटच्या टेबलावर शंभर बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी) घेऊन बसायचं म्हणजे दोन डॉलर. ते गेले की आणखी दोन टाकता येतात, आणि संध्याकाळ तिथेच महाग पडते. सिट अँड गोमध्ये फी भरली की तोटा तेवढाच. साइट आपला वाटा दोन्हीकडे घेते: कॅशमध्ये पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) कापलेला रेक, सिट अँड गोत फीतच. बोनसकडे बघूच नकोस, तो बहुधा रेक भरत गेल्यावरच हळूहळू सुटतो.

वेळेत कॅश सरस. कधीही उठावं. सिट अँड गो अर्धवट सोडलं तर ब्लाइंड तुझे चिप्स खातात.

शिकायला मात्र दोन्ही वेगळे. कॅशमध्ये खोल स्टॅक (ब्लाइंडच्या मानाने भरपूर चिप्स), फ्लॉपनंतरचे (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावरचे) निर्णय जास्त. हौशी मंडळी काहीही कॉल करतात (समोरच्याएवढे पैसे लावून डावात राहतात), त्यामुळे ब्लफ वाया जातो, चांगल्या पत्त्यांवर मोठी बेट लावावी. नऊ जणांच्या सिट अँड गोत बक्षिसं सहसा पहिल्या तिघांना, 50-30-20 टक्के. चौघे उरले की चिप्स मिळवण्यापेक्षा टिकणं मोलाचं, आणि स्टॅक दहा बिग ब्लाइंडवर आला की ऑल-इन (सगळे चिप्स लावायचे) किंवा फोल्ड (पत्ते टाकायचे).

हात आखडत नसेल तर सिट अँड गो. मधेच उठावं लागत असेल आणि पैशांवर ताबा असेल, तर कॅश.